वाचायची सोय झाली, संशोधन खुले झाले का?

२५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशक, जवळपास १३,००० संशोधनपत्रिका, ६,३००हून अधिक संस्था आणि सुमारे एक कोटी ऐंशी लाख विद्यार्थी, अध्यापक व संशोधक, असा तिचा पसारा आहे. गांधीनगरचे इन्फ्लिबनेट केंद्र तिचा कारभार पाहते. माणशी हिशेब केला, तर वर्षाला अकराशे रुपयांच्या आसपास खर्च येतो. आयआयटी मुंबईत जी पत्रिका उघडते, तीच गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठातही उघडावी, ही यामागची कल्पना. ती चांगली आहे, आणि ती प्रत्यक्षात आणण्यासाठी झटलेल्या ग्रंथपालांचे व अधिकाऱ्यांचे श्रेय नाकारायचे कारण नाही. वर्षानुवर्षे ‘हा लेख वाचण्यासाठी ३५ डॉलर भरा’ अशी पाटी बघून परत फिरलेल्या संशोधकाला या योजनेचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

तरीही या पैशाने नेमके काय विकत घेतले, हे स्पष्ट असायला हवे. सरकारने ठरावीक लोकांसाठी, ठरावीक मुदतीपुरता वाचनाचा परवाना घेतला आहे. योजनेच्या पहिल्या टप्प्यात केंद्र आणि राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालच्या संस्थाच आहेत. खासगी विनाअनुदानित महाविद्यालयातली विद्यार्थिनी, तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणारा डॉक्टर, पाणलोटावर काम करणारा कार्यकर्ता, पत्रकार, वकील, निवृत्त प्राध्यापक हे सारे बाहेरच आहेत. भारतीय करदात्याच्या पैशातून झालेले संशोधनही त्यांच्यासाठी पूर्वीइतकेच बंद आहे. करार संपला आणि नवा झाला नाही, तर आत असलेल्यांचीही दारे मिटतील.

ज्याला जगभर ‘ओपन ॲक्सेस’ म्हणतात ती गोष्ट याहून निराळी आहे. फेब्रुवारी २००२मध्ये बुडापेस्टच्या जाहीरनाम्यात तिची व्याख्या झाली. शोधनिबंध इंटरनेटवर कोणालाही विनामूल्य वाचता यावा, उतरवून घेता यावा, वाटता यावा. लेखकाचे श्रेय आणि मजकुराची अखंडता एवढ्याच अटी असाव्यात. तिथे दोन वाटा सांगितल्या होत्या. पहिली म्हणजे लेखकाने स्वीकृत निबंधाची प्रत आपल्या संस्थेच्या किंवा विषयाच्या खुल्या भांडारात, म्हणजे रिपॉझिटरीत, जमा करायची. हिला हिरवी वाट म्हणतात. दुसरी, पत्रिकाच खुली काढायची. ही सोनेरी वाट. त्या पत्रिकेचा खर्च कोणी द्यायचा, हे जाहीरनाम्याने मोकळे ठेवले होते. गेल्या वीस-बावीस वर्षांतला बहुतेक वाद या मोकळ्या सोडलेल्या प्रश्नातून निघाला आहे.

या धंद्याची रचना एकदा पाहिली, की वाद समजायला सोपा जातो. संशोधनाचा खर्च बहुधा सरकार करते. निबंध लिहिणाऱ्याला पत्रिका पैसे देत नाही. तो तपासणारे परीक्षकही फुकट काम करतात, कारण तो विद्याव्यवहारातला शिरस्ता आहे. मग तयार पत्रिका त्याच विद्यापीठांना वर्गणी लावून विकली जाते. ग्राहकाला दुसरीकडे जाता येत नाही, कारण एका पत्रिकेतला निबंध दुसऱ्या पत्रिकेत मिळत नाही. एल्सव्हिअरची मालक असलेल्या रेलेक्स कंपनीच्या वैज्ञानिक प्रकाशन विभागाचा कार्यकारी नफा वर्षानुवर्षे ३८ टक्क्यांच्या आसपास राहिला आहे. संपादन, मांडणी, जतन, फसवणुकीची छाननी यांना खर्च येतो, हे प्रकाशकांचे म्हणणे खरे आहे. पण एवढा नफा उरतो, याचा अर्थ किंमत आणि खर्च यांचा संबंध तुटला आहे, असाच घ्यावा लागतो.

युरोपने यावर जो उपाय शोधला, त्याचा परिणाम आज आपल्याकडेही जाणवतो. २०१५मध्ये जर्मनीच्या माक्स प्लांक डिजिटल लायब्ररीने एक हिशेब मांडला. जगभर वर्गणीवर वर्षाला सुमारे ७.६ अब्ज युरो खर्च होतात, तेवढ्यात सगळे निबंध खुले करता येतील. फक्त पैसा वाचकाच्या बाजूने न देता लेखकाच्या बाजूने द्यायचा. त्यातून प्रकाशकांशी मोठे करार झाले. जर्मनीतल्या संस्थांनी २०१९मध्ये वायलीशी, २०२०मध्ये स्प्रिंगर नेचरशी आणि बऱ्याच संघर्षानंतर २०२३मध्ये एल्सव्हिअरशी करार केला. कॅलिफोर्निया विद्यापीठाने फेब्रुवारी २०१९मध्ये एल्सव्हिअरशी बोलणी तोडली आणि मार्च २०२१मध्ये आपल्या अटींवर ती पुन्हा जोडली. सप्टेंबर २०१८मध्ये युरोपातल्या अनुदान देणाऱ्या संस्थांनी ‘प्लॅन एस’ जाहीर केला. आमच्या पैशातून झालेले संशोधन प्रकाशनाच्या दिवशीच खुले झाले पाहिजे, अशी त्यांची अट होती.

तत्त्व योग्य होते. पण व्यवहारात प्रकाशकांनी ‘आर्टिकल प्रोसेसिंग चार्ज’ किंवा एपीसी, म्हणजे लेखशुल्क, हाच नवा महसूल केला. ‘नेचर’ने २०२१पासून खुल्या निबंधासाठी ९,५०० युरो मागायला सुरुवात केली. आपल्याकडच्या कनिष्ठ संशोधन छात्रवृत्तीची रक्कम आता महिना ३७,००० रुपये आहे. म्हणजे एका निबंधाच्या शुल्कात एका विद्यार्थ्याची जवळजवळ दोन वर्षांची छात्रवृत्ती जाते. हे टोकाचे उदाहरण आहे, मान्य. पण दोन-अडीच लाखांचे शुल्क आता सर्रास आढळते, आणि राज्य विद्यापीठातल्या अध्यापकाला तेही परवडत नाही. पूर्वी गरीब संस्थेतल्या माणसाला वाचता येत नव्हते. या व्यवस्थेत त्याला वाचता येते, पण लिहिता येत नाही. यातला दुसरा अन्याय मला अधिक गंभीर वाटतो. न वाचता आलेला निबंध मित्राकडून मागवता येतो, पण निबंध छापण्यासाठी कोणाकडे हात पसरायचा?

लेखशुल्काचा दुसरा दोष असा, की जितके निबंध छापाल तितके उत्पन्न. वायलीने जानेवारी २०२१मध्ये सुमारे ३० कोटी डॉलरना हिंदावी ही खुल्या पत्रिकांची कंपनी घेतली. विशेषांकांच्या नावाखाली बनावट निबंधांचे कारखाने तिच्यात घुसले. दोन वर्षांत ११,०००हून अधिक निबंध मागे घ्यावे लागले आणि हिंदावी हे नावच सोडून द्यावे लागले. मोठ्या, प्रतिष्ठित प्रकाशकाच्या घरात हे घडले, म्हणून ते लक्षात ठेवायला हवे.

या सगळ्यात भारताची भूमिका हेलकावे खात राहिली. फेब्रुवारी २०१९मध्ये तत्कालीन प्रधान वैज्ञानिक सल्लागार के. विजयराघवन यांनी भारत ‘प्लॅन एस’मध्ये सामील होईल, असे सांगितले. त्याच वर्षाच्या अखेरीस हा विचार मागे पडला आणि देशभराची एकच वर्गणी हा पर्याय पुढे आला. लेखशुल्काचा भार पाहता ‘प्लॅन एस’पासून दूर राहणे शहाणपणाचे होते, असे मला वाटते. पण त्यातले ‘सार्वजनिक पैशाचे संशोधन सार्वजनिक’ हे मूळ तत्त्वही त्याबरोबर बाजूला पडले, ते पडायला नको होते. वर्गणीच्या योजनेत चांगल्या खुल्या पत्रिकांचे लेखशुल्क भरण्यासाठी वर्षाला १५० कोटी रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. एका निबंधाला सरासरी दोन लाख रुपये धरले, तर एवढ्यात साडेसात हजार निबंध निघतील. भारतातून दर वर्षी दोन लाखांहून अधिक निबंध प्रसिद्ध होतात. उरलेल्यांनी काय करायचे, याचे उत्तर या तरतुदीत नाही. शिवाय त्याच प्रकाशकांना वर्गणीही द्यायची आणि लेखशुल्कही, असा दुहेरी खर्च सुरू होतो.

हे सगळे पर्याय बाहेरून आले आणि आपण त्यांतून निवड केली, असे चित्र रंगवले जाते. ते खरे नाही. लेखकाकडूनही पैसे न घेता पत्रिका खुली ठेवण्याचा एक मोठा प्रयोग मुंबईतच झाला. परळच्या शेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज आणि केईएम रुग्णालयाची स्टाफ सोसायटी १९५५पासून ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ ही पत्रिका काढते. इंटरनेट आल्यावर तिने सगळा मजकूर खुला केला. लेखकांकडून शुल्क नाही, वाचकांकडून शुल्क नाही. छापील अंकाची वर्गणी आणि जाहिराती यांवर खर्च निघत असे. फुकट मिळू लागल्यावर वर्गणीदार पळतील, ही भीती खोटी ठरली. उलट पत्रिका जगभर दिसू लागली, परदेशातून निबंध येऊ लागले आणि छापील वर्गणीही वाढली. याच अनुभवातून डॉ. डी. के. साहू यांनी मुंबईत ‘मेडनो’ ही प्रकाशनसंस्था उभी केली. भारतातल्या वैद्यकीय संघटनांच्या पत्रिका तिने याच पद्धतीने इंटरनेटवर आणल्या आणि ती संख्या शंभरावर नेली. खुल्या प्रकाशनाच्या जागतिक चर्चेत त्या काळी मेडनोचे नाव आदराने घेतले जाई.

डिसेंबर २०११मध्ये वोल्टर्स क्लुवर या डच कंपनीने मेडनो विकत घेतली. पुढे त्यातल्या अनेक पत्रिकांनी लेखकांकडून शुल्क घ्यायला सुरुवात केली. एका खासगी उद्योजकाने आपला उद्योग विकला, यात त्याचा दोष काढता येत नाही. प्रश्न धोरण करणाऱ्यांना विचारायला हवा. देशातल्या वैद्यकीय ज्ञानाची एवढी मोठी खुली व्यवस्था आपल्या डोळ्यांसमोर उभी होती. तिला सार्वजनिक आधार देऊन टिकवावे, असे त्या वेळी एकाही खात्याला सुचले नाही. नंतरच्या सर्व चर्चांत मला ही संधी गमावल्याची खंत सर्वांत जास्त वाटते.

मेडनो उभी राहत होती, त्याच काळात दुसऱ्या टोकाला वाट चुकत गेली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१०च्या नियमांत अध्यापकांच्या नेमणुकीला आणि बढतीला गुणांची पद्धत लावली. निबंध मोजले जाऊ लागले. पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्याआधी निबंध छापून येणेही सक्तीचे होते. जिथे प्रयोगशाळा नाही, ग्रंथालयाला पैसे नाहीत, आठवड्याला सोळा-अठरा तास घ्यावे लागतात, तिथेही संख्या भरायची होती. दोन-तीन हजार रुपयांत आठ दिवसांत निबंध ‘आंतरराष्ट्रीय’ पत्रिकेत छापून देणारी दुकाने गल्लोगल्ली निघाली. शेन आणि ब्यर्क या संशोधकांच्या २०१५मधल्या अभ्यासानुसार, जगभरच्या अशा लुटारू पत्रिकांत २०१४मध्ये सुमारे ४ लाख २० हजार निबंध छापून आले आणि त्यांचे जवळपास ३५ टक्के लेखक भारतातले होते.

आयोगाने मान्यताप्राप्त पत्रिकांची यादी केली, तर तीही पोखरलेली निघाली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या अभ्यासकांनी, भूषण पटवर्धन यांच्यासह, विद्यापीठांनी सुचवलेल्या पत्रिकांचा नमुना तपासला. १,००९ पत्रिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट ठरल्या. मार्च २०१८मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि मेमध्ये आयोगाने ४,३०५ पत्रिका यादीतून काढल्या. मग ‘यूजीसी-केअर’ ही नवी यादी आली, तिचे कामही पुण्याहूनच चाले. २०२५च्या सुरुवातीला आयोगाने तीही बंद केल्याचे जाहीर करून जबाबदारी विद्यापीठांवर सोपवली.

या प्रकरणाने मराठी विद्यापीठीय वर्तुळात एक गैरसमज घट्ट बसला: खुली पत्रिका म्हणजे पैसे घेऊन काहीही छापणारी पत्रिका. तो दूर करणे आवश्यक आहे. चांगल्या खुल्या पत्रिकांची जागतिक सूची असलेल्या ‘डीओएजे’मधल्या जवळजवळ दोन तृतीयांश पत्रिका लेखकाकडून एक पैसाही घेत नाहीत. लुटारू पत्रिकांना ग्राहक मिळाले ते खुलेपणामुळे नाही, बढतीच्या नियमांमुळे. संख्येची सक्ती राहिली, तर वर्गणीच्या पत्रिकांतही हाच बाजार भरेल.

आता हिरव्या वाटेकडे. ती स्वस्त आहे, तिच्यासाठी कोणत्याही प्रकाशकाशी घासाघीस करावी लागत नाही, आणि भारताने ती एकदा अधिकृतपणे स्वीकारलेलीही आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने खुले भांडार फार लवकर सुरू केले. गोव्यात दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने आपल्या शास्त्रज्ञांचे निबंध असेच खुले ठेवले. डिसेंबर २०१४मध्ये केंद्राच्या जैवतंत्रज्ञान आणि विज्ञान-तंत्रज्ञान या दोन्ही विभागांनी संयुक्त धोरण जाहीर केले. आमच्या अनुदानातून निघालेल्या निबंधाची स्वीकृत प्रत भांडारात जमा करा, लेखशुल्क आम्ही देणार नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. धोरण नेमके होते, पण त्याचा अंमल ढिला राहिला. प्रत जमा केली नाही, तर काहीच बिघडत नव्हते. कामाच्या रगाड्यात असलेला शास्त्रज्ञ मग ती कशाला जमा करील?

याच्या शेजारी ‘शोधगंगा’ हे पीएच.डी.च्या प्रबंधांचे खुले भांडार ठेवून पाहा. आयोगाने २००९च्या नियमांत पीएच.डी.च्या प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे बंधनकारक केले आणि ते पदवीच्या प्रक्रियेशी जोडले. आज शोधगंगेवर पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत. त्यांत मराठीतून लिहिलेले प्रबंधही आहेत. पूर्वी एखाद्या विद्यापीठाच्या तळघरात धूळ खात पडलेला संत साहित्यावरचा किंवा लोककलेवरचा प्रबंध आता सांगलीत बसून वाचता येतो. देश तोच, विद्यापीठे तीच, सॉफ्टवेअरही फारसे निराळे नाही. एका ठिकाणी अट पदवीशी बांधली होती, दुसऱ्या ठिकाणी कशाशीच बांधली नव्हती. मला या साऱ्या वादातून एकच गोष्ट धोरणकर्त्यांपर्यंत पोचवायची असेल, तर ती हीच आहे.

बेल्जियममधल्या लिएज विद्यापीठाचे कुलगुरू बर्नार्ड राँतिए यांनी २००७मध्ये नेमके हे केले. बढतीच्या वेळी विद्यापीठाच्या भांडारात जमा असलेलेच निबंध विचारात घेतले जातील, एवढाच नियम. ना दंड, ना विनवण्या. भांडार भरत गेले. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी, म्हणजे एनआयएचने, २००५मध्ये ऐच्छिक धोरण आणले, प्रतिसाद अपुरा मिळाला, आणि २००८मध्ये ते सक्तीचे केले. १ जुलै २०२५पासून त्यांनी वर्षभर थांबण्याची सवलतही काढून टाकली. निबंध प्रसिद्ध होताच तो पबमेड सेंट्रल या त्यांच्या भांडारात खुला झाला पाहिजे. त्याच वर्षी त्यांनी लेखशुल्काला कमाल मर्यादा घालण्याचा प्रस्तावही मांडला. गेट्स फाउंडेशनने २०२५पासून लेखशुल्क देणे थांबवले आणि प्रीप्रिंटची, म्हणजे परीक्षणाआधीची प्रत खुली ठेवण्याची, अट घातली. जपानने सार्वजनिक अनुदानाच्या संशोधनासाठी हिरवी वाट निवडली आणि विद्यापीठांची भांडारे उभी करायला १० अब्ज येन दिले. लेखशुल्काच्या मागे धावलेले अनुदानदातेच आता थांबून विचार करू लागले आहेत.

प्रकाशकांचा आक्षेप असा, की प्रत लगेच खुली झाली तर वर्गणी कोण भरेल? छोट्या विद्वत्संस्थांच्या बाबतीत ही काळजी खरी आहे; पत्रिकेच्या उत्पन्नावर त्यांच्या परिषदा आणि शिष्यवृत्त्या चालतात. पण भौतिकशास्त्राच्या काही शाखांत, १९९१मध्ये सुरू झालेल्या आर्काइव्ह या खुल्या भांडारात, जवळजवळ सर्व महत्त्वाचे निबंध प्रसिद्धीआधीच फुकट मिळतात, आणि त्या शाखांच्या पत्रिका तीन दशकांनंतरही चालू आहेत. कायद्याचाही आधार देता येतो. जर्मनीने २०१४पासून आणि नेदरलँड्सने २०१५पासून, करारात काहीही लिहिलेले असले तरी, सार्वजनिक पैशाच्या संशोधनाची प्रत ठरावीक काळाने खुली करण्याचा हक्क लेखकाला दिला. आपल्या कॉपीराइट कायद्यात तसे कलम नाही. ते यायला हवे. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५मध्ये, परवानगीविना निबंध फुकट देणारे साय-हब हे संकेतस्थळ भारतात बंद करण्याचा आदेश दिला, तेव्हा संशोधकांत मोठी चलबिचल झाली. चोरवाट बंद करणे न्यायालयाचे काम असेल. सरळ वाट बांधणे संसदेचे आणि मंत्रालयांचे आहे.

सरळ वाटेचा दुसरा भाग म्हणजे पत्रिकांना थेट मदत. ब्राझीलने १९९८मध्ये ‘सायेलो’ सुरू केले. सार्वजनिक पैशातून समाईक तांत्रिक सोय, संपादकीय निकष आणि सूची. पत्रिका विद्यापीठांच्या व संस्थांच्याच मालकीच्या. आता लॅटिन अमेरिकेतला बराच मोठा विद्याव्यवहार त्यावर, पोर्तुगीज आणि स्पॅनिशमधून, चालतो. आपल्यासाठी यातला भाषेचा भाग फार महत्त्वाचा आहे. तीस आंतरराष्ट्रीय प्रकाशकांच्या १३,००० पत्रिकांच्या गठ्ठ्यात मराठीतल्या विद्याव्यवहाराला जागा नाही आणि असणारही नाही. मराठी अभ्यास परिषदेचे ‘भाषा आणि जीवन’, वाईच्या प्राज्ञपाठशाळेचे ‘नवभारत’, ‘समाज प्रबोधन पत्रिका’ ही नियतकालिके अभ्यासू संपादकांच्या पदरमोडीवर आणि मोजक्या वर्गणीदारांवर तगली आहेत. त्यांना लेखशुल्काचा उपयोग नाही, देशव्यापी वर्गणीचाही नाही. त्यांना लागते ते वर्षाला काही लाखांचे खात्रीचे अनुदान, एक सामाईक संकेतस्थळ, मुद्रितशोधकाचे मानधन आणि जुने अंक नीट जतन करण्याची सोय. राज्य सरकार मराठी विश्वकोश आणि साहित्य संस्कृती मंडळाची पुस्तके इंटरनेटवर मोफत देते. म्हणजे सार्वजनिक पैशातून झालेले मराठी ज्ञान खुले असावे, हे तत्त्व महाराष्ट्राने आधीच मान्य केले आहे. ते नियतकालिकांपर्यंत न्यायचे राहिले आहे.

२०२७च्या अखेरीस वर्गणीचा करार संपेल आणि पुन्हा बोलणी होतील. निबंधांच्या संख्येत जगात तिसरा असलेला देश समोर बसल्यावर त्याला फक्त किंमत कमी करून मागण्याची गरज नाही. भारतीय लेखकांच्या स्वीकृत प्रती प्रकाशनाच्या दिवशी भांडारात ठेवण्याचा हक्क, वेगळे लेखशुल्क नाही, आणि कराराच्या किमती जाहीर, या तीन अटी तो मांडू शकतो. संशोधनाला अनुदान देणाऱ्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानला आणि विद्यापीठ अनुदान आयोगाला तेवढेही थांबायचे कारण नाही. पुढच्या अनुदानाच्या आणि बढतीच्या अर्जात ‘निबंध कोणत्या भांडारात जमा आहे’ हा एक रकाना त्यांनी सक्तीचा करावा. त्यासाठी प्रकाशकांच्या संमतीची वाट पाहावी लागत नाही, आणि वर्गणीच्या तुलनेत खर्चही नगण्य आहे.